लव्हबर्ड नर की मादी? नाक बघण्याआधी वय बघा

साताऱ्यात पक्ष्यांच्या दुकानात जाऊन ‘लव्हबर्डची जोडी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा एकच प्रकार घडतो. मोठ्या पिंजऱ्यात हात जातो, एक निळा आणि एक हिरवा पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात बसतो आणि वर सांगितलं जातं, ‘‘निळा नर, हिरवी मादी.’’ हे वाक्य दुकानातच सोडून या. अंगाचा रंग निळा, हिरवा, पिवळा, पांढरा काहीही असो, त्यावरून नर-मादी ठरत नाही. ठरतं ते चोचीच्या वरच्या नाकावरून, आणि तेही पक्ष्याचं वय माहीत असेल तर.

नाकाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: निळं नाक नर, तपकिरी नाक मादी. नियम खरा आहे, पण तो मोठ्या झालेल्या पक्ष्यांचा. दुकानात मिळतात ती दीड-दोन महिन्यांची पिल्लं. त्यांचं नाक ना धड निळं ना धड तपकिरी. मग फिकट निळसर दिसली म्हणून मादीला ‘राजा’ नाव पडतं आणि गुलाबी दिसला म्हणून नराला ‘राणी’. म्हणून खाली दिलेला क्रम सोडू नका. आधी पक्षी कोणता, मग वय, मग उजेड, आणि त्यानंतरच नाक.

पहिली पायरी: पक्षी कोणता?

आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो तो पक्षी म्हणजे बजी, म्हणजेच बजरीगर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० मध्ये जॉन गोल्ड या पक्षीतज्ज्ञाने तो इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोचला. लांब निमुळती शेपटी, मानेवर आणि पंखांवर आडवे बारीक पट्टे, गळ्यावर काळे ठिपके, गालावर निळा-जांभळा डाग. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटीमीटर. तुमच्या पिंजऱ्यात हा असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. आखूड शेपटी, जाड चोच, अंगाने गुटगुटीत. आपल्याकडे जे खरे लव्हबर्ड पाळले जातात त्यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे नुसतं बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्यासाठी डीएनए चाचणी, ती पुढे येईल. तुरा असलेला कॉकाटील हा तिसरा पक्षी. त्याच्या राखाडी जातीत मोठ्या नराचं तोंड पिवळंधमक असतं, मादीचं मळकट, आणि मादीच्या शेपटीखाली आडव्या पट्ट्या राहतात.

आणि हिरवा देशी पोपट? तो पाळायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच गुन्हा. ज्वारीच्या रानात किंवा वडाच्या ढोलीपाशी तो बघायला मिळतोच. तिथे नर-मादी ओळखायची हौस भागवून घ्या. गळ्याला काळी-गुलाबी कंठी असेल तो नर. पण कंठी यायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे कंठी नसलेला प्रत्येक पोपट मादी असतो असं नाही. कोयनेच्या जंगलात निळ्या पंखांचा पोपट दिसला तर चोच बघा: वरची चोच लाल असेल तर नर, काळी असेल तर मादी. इतकं सोपं बजीतही असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरी पायरी: वय

वय ओळखायच्या जागा दोन, कपाळ आणि डोळे.

लहान पिल्लाच्या कपाळावर बारीक काळे पट्टे थेट नाकापर्यंत आलेले असतात. तीन-चार महिन्यांचं झालं की ते पहिल्यांदा पिसं टाकतं आणि कपाळावर नवी पिसं येतात ती साफ असतात. हिरव्या-पिवळ्या पक्ष्यांत पिवळी, निळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत पांढरी. म्हणजे कपाळ पट्टेदार असेल तर पक्षी चार महिन्यांच्या आतला, कपाळ स्वच्छ असेल तर त्याच्या पुढचा. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडलेली दिसतात आणि डोक्यावर टाचणीसारखी कोंब फुटलेली पिसं दिसतात, तो काळ हाच. घाबरू नका, आजार नसतो.

डोळ्यांचं असं: पिल्लाचा डोळा पूर्ण काळा, मण्यासारखा. वाढत्या वयाबरोबर बाहुलीभोवती फिकट कडं उमटायला लागतं आणि साधारण आठ महिन्यांपर्यंत ते स्वच्छ पांढरं दिसतं. अगदीच कोवळं पिल्लू असेल तर चोचीच्या टोकाला काळपट छटाही असते.

एकदा वर्ष उलटलं की पक्षी दीड वर्षाचा की चार वर्षांचा हे बघून कुणालाच सांगता येत नाही. दुकानात कुणी ‘बरोबर दोन वर्षांचा आहे’ म्हणालं तर पायात साल कोरलेली कडी आहे का विचारा. कडी नसेल तर तो अंदाज समजा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पिवळाजर्द लुटिनो आणि पांढराशुभ्र अल्बिनो यांच्या डोक्यावर पट्टे दिसतच नाहीत, त्यामुळे कपाळाची खूण त्यांना लागू होत नाही. रिसेसिव्ह पाईड नावाच्या ठिपकेदार रंगात तर डोळ्याचं पांढरं कडंही आयुष्यभर येत नाही. असे पक्षी असतील तर विकणाऱ्याला पिल्लू मडक्यातून, म्हणजे अंडी घालायला पिंजऱ्यात टांगतात त्या मडक्यातून, कधी बाहेर आलं ते विचारा. पिल्लं साधारण पाच आठवड्यांची झाली की बाहेर पडतात, त्यावरून हिशेब लावता येतो.

तिसरी पायरी: उजेड

ही पायरी फालतू वाटते, पण मला फोनवर येणाऱ्या फोटोंपैकी कितीतरी फोटोंवरून काहीच सांगता येत नाही ते याच कारणाने. ‘काका, नाक निळं आहे ना?’ असं विचारलेलं असतं आणि फोटोत पिंजरा, भिंत, खालचा पेपर, सगळंच निळं असतं.

साताऱ्याच्या पावसाळ्यात हा घोळ हमखास होतो. झड आत येऊ नये म्हणून गॅलरीला निळी ताडपत्री बांधलेली असते, आणि त्या ताडपत्रीतून आलेल्या उजेडात प्रत्येक पक्ष्याचं नाक निळंच दिसतं. हिरवी शेडनेट असली तर रंग आणखी फसवा. रात्रीच्या एलईडी दिव्यात गुलाबी नाक निळसर वाटतं, जुन्या पिवळ्या बल्बखाली फिकट नाक तपकिरी वाटतं.

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पिंजरा खिडकीजवळ घ्या. थेट ऊन नको, उघड्या आकाशाचा उजेड हवा. फोटो काढताना पक्ष्याच्या मागे किंवा शेजारी साधा पांढरा कागद धरा. फोटोत कागद पांढरा दिसला तर नाकाचा रंगही खरा समजा. फ्लॅश बंद ठेवा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक असे फोटो काढा, आणि नाकपुड्या स्पष्ट दिसतील इतक्या जवळून. फिल्टर, ‘ब्युटी’ वगैरे मोबाईलची लाडीगोडी बंद करून ठेवा.

पक्ष्याला हातात पकडायची काहीही गरज नाही. नवा पक्षी हातात घट्ट धरला की त्याला श्वास घेणं अवघड जातं, कारण पक्ष्यांना श्वासासाठी छाती हलावी लागते. लहान मुलांच्या हातात तर या कामासाठी अजिबात देऊ नका. राळ्याचं कणीस गजाला अडकवा. पक्षी आपणहून पुढे येतो, मान वर करतो, नाक समोर येतं.

चौथी पायरी: नाक

चोचीच्या वर, दोन्ही नाकपुड्यांभोवती एक मांसल गुळगुळीत पट्टी असते. पक्षी पाळणारे तिला सरळ नाक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मोठा नर ओळखणं सर्वांत सोपं. कपाळ साफ, डोळ्यात पांढरं कडं, आणि नाक एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकसारखं गडद निळं, चकचकीत. इथे शंका घ्यायचं कारण नाही.

मोठी मादी अंड्यावर येण्याच्या बेतात असेल तर तीही सोपी. नाक तपकिरी, चॉकलेटी होतं, जाड आणि खरखरीत होतं, कधीकधी त्याला पापुद्रे सुटतात. नवखे लोक हा आजार समजतात आणि तेल, हळद लावायला बघतात. लावू नका. नाकपुडीत तेल गेलं की खरा त्रास तेव्हा सुरू होईल. तो पापुद्रा आपोआप गळून पडतो.

फसवते ती विश्रांतीच्या काळातली मादी. अंडी घालायचा हंगाम नसताना तिचं नाक फिकं पडतं, पांढुरकं किंवा फिकट निळं होतं. तपकिरी खपली पडून खालचा निळसर थर दिसला की घरात चर्चा सुरू होते, ‘अहो, मादीचा नर झाला!’ झालेला नसतो. नाकपुड्यांच्या भोकांभोवती बघा. तिथे पांढऱ्या रंगाची कडी दिसतात, बाकीच्या नाकापेक्षा फिकट. नराच्या नाकात ही कडी नसतात, त्याचा निळा रंग थेट भोकाच्या काठापर्यंत जातो.

आता पिल्लं. चार महिन्यांच्या आतल्या नराचं नाक गुलाबी-जांभळं असतं, दुधात जांभळाचा रस दोन थेंब टाकावा तसं, आणि सगळीकडे एकाच छटेचं. मादी पिल्लाचं नाक फिकट निळसर किंवा पांढुरकं आणि नाकपुड्यांभोवती तीच पांढरी कडी. म्हणजे लहानपणी गुलाबी दिसतो तो मुलगा आणि निळसर दिसते ती मुलगी. मोठ्यांचा नियम पिल्लांना लावला की बरोब्बर उलटं उत्तर येतं, आणि दुकानातल्या बहुतेक चुकीच्या जोड्या अशाच बनतात.

त्यामुळे रंग कोणता हे विचारण्याआधी रंग एकसारखा आहे का ते विचारा. नाक तपकिरी नसेल आणि रंग एकसारखा असेल तर नराकडे झुका, नाकपुड्यांना पांढरी कडी असतील तर मादीकडे. पिल्लात आणि मोठ्यात दोन्हीकडे हा प्रश्न उपयोगी पडतो.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान नराचं नाक गुलाबीतून निळ्यात जात असतं. तेव्हा ते मधेच चट्ट्याचट्ट्यांचं दिसतं, नाकपुडीजवळ आधी निळसर होतं आणि कडेला गुलाबी राहतं. अशा वेळी कुणी ठाम उत्तर दिलं तर त्याच्याकडून पैज लावून घ्या. सहा महिन्यांपर्यंत थांबणं हाच उपाय. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, त्याच खिडकीत, त्याच पांढऱ्या कागदासमोर एक फोटो काढून ठेवा. तीन फोटो शेजारी ठेवले की नाक कोणत्या बाजूला चाललंय ते आपोआप कळतं. दोन पक्षी एकाच रंगाचे असतील तर गळ्यावरचे काळे ठिपके बघून नोंद ठेवा. दोघांचे ठिपके सहसा सारखे नसतात.

पाचवी पायरी: लुटिनो, अल्बिनो, पाईड

लाल डोळ्यांचे पिवळे ते लुटिनो, लाल डोळ्यांचे पांढरे ते अल्बिनो. या दोन्हींत आणि रिसेसिव्ह पाईडमध्ये नराचं नाक मोठेपणीही निळं होत नाही. पिल्लासारखं गुलाबी-जांभळंच राहतं. मादी मात्र नेहमीसारखीच, पांढुरकी किंवा तपकिरी. त्यामुळे पिवळ्या पक्ष्याचं नाक गुलाबी आणि गुळगुळीत दिसलं तर तो नर, मग तो चार वर्षांचा का असेना. निळं नाक नाही म्हणून लुटिनो नराला मादी समजून दोन नर एकत्र ठेवणारे पुष्कळ भेटतात. अंडी येत नाहीत म्हणून मग मडकं बदलतात, जागा बदलतात, दाणा बदलतात.

घरी पिल्लं काढणाऱ्यांसाठी एक फार छान गोष्ट आहे. लुटिनो-अल्बिनोचा रंग लिंगाशी जोडलेला असतो. पक्ष्यांत माणसापेक्षा उलटं आहे: नराकडे दोन सारखी गुणसूत्रं, झेड आणि झेड; मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लुटिनोपणा झेडवर बसतो आणि तो दबणारा गुण आहे. नराला लुटिनो दिसायला दोन्ही झेडवर तो हवा, एक बापाकडून आणि एक आईकडून. मादीला एकच झेड असतो आणि तो बापाकडून येतो, त्यामुळे तिला एकच पुरतो.

याचा व्यवहारातला अर्थ: आई साध्या रंगाची असेल, लुटिनो किंवा अल्बिनो नसेल, तर तिच्या मडक्यातलं प्रत्येक लाल डोळ्यांचं पिवळं किंवा पांढरं पिल्लू मादीच असतं. नाक बघायचीही गरज नाही; पिल्लू पिसं फुटायच्या आधी लाल डोळ्यांवरूनच कळतं. मात्र उलटा अर्थ काढू नका, हिरवी पिल्लं सगळी नर असं नाही. तसं फक्त एका जोडीत होतं: बाप लुटिनो आणि आई साधी. तिथे लुटिनो पिल्लं मुली आणि बाकीच्या रंगाची पिल्लं मुलगे. ज्यांच्याकडे एका मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या आहेत त्यांनी जपून, कारण एका मादीच्या मडक्यात दुसरी मादी अंडं घालून जाते आणि मग आई कोण हेच खात्रीने सांगता येत नाही.

वागण्यावरून काय कळतं

थोडं कळतं, पण नाकाच्या साक्षीला जोड म्हणूनच. नर जास्त बडबडा. दुपारभर एकसुरात गुणगुणत राहतो, मान वरखाली करतो, आरशाला किंवा घंटीला चोच आपटतो, नाचल्यासारखा दांडीवर इकडून तिकडे जातो. ‘विठू विठू’ शिकवायची हौस असेल तर नर घ्या. मादी शिकतच नाही असं नाही, पण नराइतकी सहज शिकत नाही. मादी लाकूड कुरतडते, कोपरे-पोकळ्या शोधते, दाण्याच्या डब्यात शिरून बसते, आणि चावली तर नरापेक्षा जोरात चावते. दोघींमधली भांडणं नरांपेक्षा जास्त गंभीर होतात, विशेषतः पिंजऱ्यात मडकं असेल तर. एकमेकींना रक्त निघेपर्यंत मारतात.

एक पक्षी दुसऱ्याला चोचीतून दाणा भरवतो म्हणजे नर-मादीची जोडी, हा समज सोडा. दोन नर एकमेकांना भरवतात, एकटा नर आरशातल्या स्वतःला भरवायला बघतो. एकमेकांच्या अंगावर चढणंही दोन नरांत होतं.

काही जुने पाळणारे पक्ष्याला उलटं धरून पोटाखालची दोन हाडं बोटाने चाचपतात. अंतर जास्त असेल तर मादी म्हणतात. अंडी घालायच्या दिवसांत मादीच्या हाडांतलं अंतर वाढतं हे खरं, पण इतर वेळी फरक बोटाला कळत नाही आणि नवख्याच्या हातून पक्षी दुखावतो. हा प्रकार मी कुणालाच सुचवत नाही.

अंडं दिसलं तर

मग वाद मिटला. पिंजऱ्यात एकच पक्षी असेल तर ती मादी, दोन असतील तर निदान एक मादी आहे.

एकटी मादीही अंडी घालते. नर नसेल तर त्यातून पिल्लू येणार नाही, बस. मादी दिवसाआड एक याप्रमाणे चार-सहा अंडी घालते. लोक घाईने अंडं उचलून टाकतात आणि ती पुन्हा घालते, पुन्हा टाकतात, पुन्हा घालते. प्रत्येक अंड्याला तिच्या हाडांतला कॅल्शियम जातो. त्यापेक्षा अंडी तिच्याजवळ राहू द्या, कंटाळली की ती उठून जाईल, मग काढा. समुद्रफेस पिंजऱ्याला कायम अडकवलेला हवा; पूजेच्या किंवा आयुर्वेदिक सामानाच्या दुकानातही मिळतो. शेवग्याचा पाला, कोथिंबीर धुऊन द्या.

नर-मादी दोघं असतील आणि अंड्यातून पिल्लं यायची असतील तर साधारण १८ दिवस लागतात. एकही पिल्लू नको असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मडकं टांगू नका. बहुतेक जोड्या पोकळ जागा मिळाल्याशिवाय अंड्यावर येत नाहीत. ऑस्ट्रेलियातही पाऊस पडून गवताला भरपूर दाणा आला की ती झाडांच्या ढोलीत घरटं करतात. आपल्या पिंजऱ्यात दाणा बारा महिने असतो. उरतं ते मडकं, ते तुमच्या हातात आहे. हवीच असतील पिल्लं, तरी दोघं वर्षाची होईपर्यंत थांबा.

मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे, शेपटी वरखाली करत जोर लावते आहे, पण अंडं येत नाही, असं दिसलं तर तो अंडं अडकल्याचा प्रकार असू शकतो. उबदार जागी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. ‘उद्या बघू’ म्हणायची ही गोष्ट नाही. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न घरी करू नका.

नाकाचा रंग अचानक बदलला तर

वर्षानुवर्षं निळं असलेलं नराचं नाक तपकिरी व्हायला लागलं तर ते गंभीरपणे घ्या. नराच्या वृषणात गाठ झाली की शरीरात मादीचं संप्रेरक वाढतं आणि नाक मादीसारखं तपकिरी होतं. सोबत एक पाय लुळा पडल्यासारखा दिसू शकतो, कारण गाठ पायाच्या नसेवर दाब देते. नर ‘मादी झाला’ म्हणून हसून सोडलेला पक्षी बऱ्याचदा आजारी असतो.

दुसरी गोष्ट खवल्यांची. नाकावर, चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती किंवा पायांवर पांढुरका, बारीक भोकांचा, स्पंजासारखा थर येत असेल तर ते मादीचं खरखरीत नाक नव्हे, ती सूक्ष्म किडीची लागण आहे. मादीचा पापुद्रा फक्त नाकावर असतो, लागण आजूबाजूला पसरते. औषध आहे आणि पक्षी बरा होतो, पण एवढ्याशा जिवाला मात्रा थेंबाच्या हिशेबात लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. पिंजऱ्यातले बाकीचे पक्षीही दाखवा.

गावातले सगळे पशुवैद्य पक्षी बघतातच असं नाही, आधी फोन करून विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुणे महामार्गालाच. पक्षी नेताना लहान खोक्यात, अंधार करून, वारा लागणार नाही असा न्या. डिसेंबरातल्या पहाटे मोटारसायकलवर उघडा पिंजरा नेणं म्हणजे आजारात भर.

डीएनए चाचणी

छातीची तीन-चार पिसं मुळासकट, नाहीतर रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवतात आणि झेड-झेड की झेड-डब्ल्यू ते कळतं. पिंजऱ्यात गळून पडलेली पिसं चालत नाहीत. मुळाशी ताजा पेशींचा अंश हवा. पिसं उपटायचं काम डॉक्टरांकडून करून घ्या. मुळाला बोट लावू नका आणि प्रत्येक पक्ष्याची पिसं वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर निकाल कुणाचा ते कळणार नाही.

साध्या बजीसाठी मी हा खर्च करायला सांगणार नाही. सहा महिने थांबलं की नाक फुकटात सांगतं. खऱ्या लव्हबर्डची जोडी लावायची असेल तर मात्र यापेक्षा भरवशाची गोष्ट नाही.

दुकानात जाताना

आधी घरी ठरवा की काय हवं. हातावर बसणारा, बोलणारा एकच पक्षी हवा असेल तर कपाळावर पट्टे असलेलं, एकसारख्या गुलाबी-जांभळ्या नाकाचं पिल्लू निवडा. लहान असतानाच माणसाळतं. खात्रीची जोडी हवी असेल तर उलट करा: साफ कपाळ, डोळ्यात पांढरं कडं, एकाचं नाक गडद निळं, दुसरीचं तपकिरी. असे मोठे पक्षी हाताला सहज येत नाहीत, हे गृहीत धरून घ्या. नवख्या घराला माझा सल्ला विचाराल तर दोन नर. गुण्यागोविंदाने राहतात, दिवसभर गातात आणि पिल्लांची जबाबदारी नाही. दोन माद्या टाळा.

दुकानात ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. पक्षी असलेलं खोकं किंवा छोटा पिंजरा दारापर्यंत आणायला सांगा, उजेडात नाक बघा, तिथेच फोटो काढा. ‘नर-मादी चुकलं तर बदलून द्याल का’ हे आधीच विचारा. चांगला विक्रेता हो म्हणतो, फक्त मुदत किती ते ठरवून घ्या, कारण तुमचं उत्तर सहा महिन्यांनी येणार आहे.

बजीला परदेशी पक्ष्यांची नोंदणी लागत नाही, कारण वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या याद्यांत तो नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे असे पक्षी त्या याद्यांत आहेत, त्यांची नोंदणी लागते. तेव्हा कुणी बजीच्या कागदपत्रांचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

घरी आधीचे पक्षी असतील तर नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. त्या महिन्यात दाणा-पाणी द्यायला जाल तेव्हा पहिला फोटो काढा, खाली तारीख टाका आणि कपाळावर पट्टे आहेत की नाहीत तेवढं लिहून ठेवा.